नांगराबाहेरचं ताट

शेवळं बाजारात जेमतेम तीन आठवडे दिसतात. मे संपता संपता वळवाचा एखादा दणका बसला, की सह्याद्रीच्या उतारांवर, करवंदीच्या जाळ्यांखाली, कुंपणांच्या कडेने जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतात. पान नाही, फांदी नाही, नुसता दांडा आणि त्याला गुंडाळलेलं आवरण. मृगाचा पाऊस लागून राहिला की ते उमलतात, कुजकट वास सोडून माशांना बोलावतात आणि खाण्यातून जातात. त्यामुळे उमलायच्या आत खुडायचे, जुड्या बांधायच्या, पहाटेची कर्जत नाहीतर कसारा लोकल धरायची आणि ठाणे, कल्याण, दादर अशा कुठल्यातरी स्टेशनाबाहेर प्लास्टिकचा कागद पसरून बसायचं. दहा-अकरापर्यंत माल संपला तर ठीक, नाहीतर उन्हाने आणि गर्दीने तो मरगळतो.

ज्याला ठाऊक आहे ते गिऱ्हाईक या तीन आठवड्यांवर डोळा ठेवून असतं. सीकेपी, पाठारे प्रभू, वसईकडचे वाडवळ यांच्या घरांत शेवळं झाली नाहीत तर पावसाळा लागल्यासारखा वाटत नाही. बाकीचे लोक जुडीकडे बघून विचारतात, "मावशी, ही कसली फुलं? पूजेची का?" ठाण्याच्या स्टेशनाबाहेर बसलेल्या ठाकर बाईंना हा प्रश्न सवयीचा झाला होता. त्या हसायच्या नाहीत, चिडायच्याही नाहीत. मी दोन जुड्या उचलल्या, तर त्यांनी न मागता मूठभर हिरवी, आवळ्याएवढी फळं पिशवीत टाकली. "काकडं न्याची बरोबर. नायतर घसा धरंल, बाय."

ती मूठभर काकडं म्हणजे या भाजीचं अर्धं शास्त्र आहे. शेवळं साफ करायची ती हाताला तेल लावून. आवरण उलगडलं की आतला दांडा दिसतो आणि त्याच्या खालच्या अंगाला पिवळट दाण्यांचा पट्टा. तो दाणा न दाणा खरवडून टाकायचा. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. काकडं उकडून, बिया काढून, कोळून त्यांचा आंबट रस बाजूला ठेवायचा. शेवळं तेलावर परतायची, रस ओतायचा, झाकण ठेवून पुरती शिजू द्यायची आणि मग सोललेले वाल, आलं-मिरची, गुळाचा खडा, शेवटी ओलं खोबरं. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल चालतं, पण जुन्या बायका त्याला दुय्यम मानतात. काही राहून गेलं तर ते पहिल्याच घासाला कळतं. जिभेला आणि घशाला टाचण्या टोचतात, आणि त्या खरोखरच टोचत असतात. सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. आंबटाने ती खाज मारायची, पिवळा भाग टाकायचा, पुरतं शिजवायचं, हे सगळं कुणीतरी कधीतरी स्वतःच्या घशावर करून बघितलं असणार.

(शेवळं शाकाहारी की मांसाहारी हा वाद सीकेपी घरांत कधीच निकालात निघालेला आहे. सोडे किंवा खिमा घातल्याशिवाय तिथे ती पानात येत नाहीत. मी वालाची बाजू घेते, पण ती अल्पमतातली बाजू आहे हे मान्य.)

शेवळं संपतात तेव्हा बाकीची रांग सुरू झालेली असते. पहिल्या सरींबरोबर माळावर, रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. विदर्भात तो तरोटा. दोन-चार पानांचा असेपर्यंत तो भाजी असतो, गुडघ्याएवढा झाला की कडवट आणि उग्र. कोकणात तो उन्हाळ्यात सुकवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालून करतात, म्हणजे एका ऋतूची शिल्लक दुसऱ्या ऋतूच्या पानात. त्याच सुमारास येते फोडशी, म्हणजेच कुलू. गवतासारखीच दिसते, नवख्याला ओळखू येत नाही. ती पांढऱ्या देठासकट बारीक चिरून मूगडाळीत करायची, पण मधून फुलाचा दांडा येण्याआधी. या गणातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्याला तिची नोंद केली तेव्हा आपल्या बोरिवलीचं नाव तिला कायमचं चिकटलं. मुळांना सफेद मुसळी म्हणून औषधबाजारात भाव आला आणि जंगलांतून ती उपटली जाऊ लागली. पान खुडणाऱ्याला पुढच्या वर्षी पान मिळतं. मूळ नेणाऱ्याला ते मिळत नाही, पण तो सहसा पुढच्या वर्षी त्या गावात येतही नाही.

मग कुर्डू, मग भारंगी. भारंगीची पानं उकडून, पाणी पिळून टाकून वालाबरोबर करतात, तरी तिचा कडूपणा थोडा उरतोच आणि तो उरावा अशीच अपेक्षा असते. आषाढ सरताना कर्टुली. तिचा वेल नर वेगळा आणि मादी वेगळी. नुसता मादी वेल लावून बसलात तर फळ धरत नाही. श्रावणात वारुळांवर अळंबी, जिची शेती अजून कुणाला साधलेली नाही, कारण वाळवी आणि ती बुरशी यांचा संसार एकत्र चालतो. श्रावण-भाद्रपदात चाईचा मोहर. ही रांग पाठ असलेल्या बाईला पंचांग लागत नाही आणि तिच्याकडून भाजी घेणाऱ्याला फ्रीज फारसा लागत नाही.

पावसाळ्यात कोकणपट्टीने पानाफुलांकडे वळणं यात धर्माइतकाच समुद्राचाही हात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सरकारी आदेश अलीकडचा, खवळलेला समुद्र जुना. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या असायच्या आणि घरात सुक्या मासळीच्या जोडीला परसातला अळू, टाकळा, शेवग्याचा पाला असायचा. त्यावर चातुर्मासाचं कलम झालं. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्या-वांग्यांना निरोप द्यायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यांनी वांग्याचं स्वागत करायचं. मधल्या काळात वांगी मिळत नाहीत असं नाही. पण जे मिळतं ते सगळं खायचं नाही, ही शिस्त त्या कॅलेंडरने लावून दिली. तिच्यात आरोग्य किती आणि रीत किती याचा हिशेब मी करणार नाही. मंडईत बाराही महिने कोबी-फ्लॉवर दिसणाऱ्या पिढीला अशी रीत विचित्र वाटते, एवढं खरं.

कर्जत तालुक्यातल्या एका पाड्यावर मी हे सगळं मोठ्या उत्साहाने बोलत होते. समोर बसलेल्या आजींनी, त्यांना तिथे सगळे म्हातारी आईच म्हणतात, माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही काय हौसेनं खात हुतो का?"

मग त्यांनी सांगितलेलं गणित असं. भात कापणीला येणार आश्विनात. गेल्या वर्षीची कणगी ज्येष्ठातच तळाला गेलेली. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने कामं सगळ्यात जड, आवणीची, बेणणीची, आणि पोटाला सगळ्यात कमी. नागलीची मूठभर पेज आणि तिच्याबरोबर रानातून जे येईल ते. एकेका पाल्याला मीठ-मिरची मिळाली तर मिळाली, तेल सणाला. ओढ्याच्या खेकड्यांना आणि शेतातल्या मुठ्यांना त्या भाज्यांइतकंच महत्त्व होतं. शाकाहार-मांसाहार ही वाटणी त्यांच्या बोलण्यात एकदाही आली नाही.

त्यांना अभिमान कशाचा असेल तर तो कडू करांद्याचा. हा कंद कच्चा खाल्ला तर ओकाऱ्या, घेरी. त्याचं अन्न कसं करायचं ते त्यांनी हाताने दाखवत सांगितलं. करांदे राख घालून उकडायचे. सोलून पातळ चकत्या करायच्या. बांबूच्या टोपलीत भरून ती टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगड ठेवून रात्रभर सोडायची. साचलेल्या पाण्यात नाही, वाहत्याच. पाणी कडूपणा घेऊन जातं. सकाळी चाखून बघायचं. कडू लागलं तर आणखी एक रात्र. "आधी कोण चाखतं?" मी विचारलं. "जिचं वय झालंय ती," त्या म्हणाल्या आणि सगळा ओटा हसला.

त्या हसण्यात विनोद होता तितकीच व्यवस्थाही. बांबूच्या कोवळ्या कोंबाचंही तसंच. पालघरकडे त्याला शिंद म्हणतात, गोंदिया-गडचिरोलीकडे वास्ते. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून किसून रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, उकळायचं, ते पाणीही फेकायचं. रानातलं खाणं म्हणजे निर्मळ, निरुपद्रवी, वेलीवरून तोडलं आणि तोंडात टाकलं अशी जी शहरी कल्पना आहे, तिला इथे थारा नाही. वनस्पतीला स्वतःला वाचवायचं असतं. तिने काटे, खाज, कडूपणा आणि विष यांची तटबंदी केलेली असते, आणि त्या तटबंदीतला दिंडीदरवाजा कुठे आहे ते काही बायकांना माहीत असतं. ज्या झुडपांत करांद्याचा वेल चढतो तिथेच पावसाळ्यात कळलावी लाल-पिवळी फुलते. तिचा कंद जीव घेऊ शकतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून रानभाजी गोळा करायला निघणाऱ्या मंडळींनी निदान एक पावसाळा अशा एखाद्या आजींच्या मागे पिशवी धरून चालावं.

ब्राह्मणी व्रतांच्या रानात एक दिवस असा आहे की जो म्हातारी आईच्या कणगीजवळ अचानक येऊन उभा राहतो. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका बैलाच्या श्रमाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, डाळ नाही, बहुतेक घरांत तेलाची फोडणीही नाही. परसात हाताने लावलेलं आणि आपोआप उगवलेलं तेवढंच. अळूची पानं-देठी, लाल माठाचे जाड देठ, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, कच्ची केळी, आंबटाला चिंच किंवा अंबाडी, हिरवी मिरची, खोबरं. हे सगळं एका पातेल्यात, हीच ऋषीची भाजी. सोबत वरीचा भात, तोही हाताने पेरलेल्या वरीचा असेल तर उत्तम. शेजारच्या घरी या भाजीचा वाडगा पोचवण्याची पद्धत आहे आणि दोन घरांची भाजी कधीही एका चवीची लागत नाही.

व्रताची कहाणी मात्र वाचवत नाही. विटाळ न पाळल्याचं पाप म्हणून आई कुत्रीच्या जन्माला जाते, बाप बैलाच्या. मुलगा नकळत त्या बैलाला दिवसभर राबवतो आणि उपाशी ठेवतो. मग ऋषींच्या सांगण्यावरून त्यांच्या उद्धारासाठी हे व्रत. बाईच्या पाळीला पाप ठरवणारी ही गोष्ट आज कुठल्या मुलीला ऐकवायची? माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ती वगळली गेली आहे. पोथी सुटली, भाजी राहिली, आणि हा सौदा मला पसंत आहे. पण कहाणीतला बैल विसरता येत नाही. नांगराला जुंपलेला बाप. वर्षातून एक दिवस ज्याच्या घामाचं खायचं नाही असं ठरवलेलं जनावर. आता गावात बैल उरलेत किती? "ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का?" असं मी एका गुरुजींना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "शास्त्रात डिझेलचा उल्लेख नाही." शहरात ऋषीची भाजी चिरून, पाकिटात भरून मिळते. त्या पाकिटातलं बहुतेक सगळं नांगराखालून, ड्रिपखालून, फवाऱ्याखालून आलेलं असतं. तरी लोक रांग लावून घेतात, आणि त्या लोकांची मला थट्टा करावीशी वाटत नाही.

गोव्यात गणेशचतुर्थीला रानाची ही आठवण छताला टांगलेली असते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे शिपटे, केळ्यांचे घड, तोरिंजन, आंबाडे, तवशीं ही झाली बागायती मंडळी. पण जिच्यामुळे माटोळी बघायला शेजारपाजारचे येतात ती सगळी रानातली: कांगलां, घागऱ्या, लालभडक कवंडळ आणि ज्यांची नावं एका गावातून दुसऱ्या गावात जाताना बदलतात अशी फळं. कवंडळ खायचं नसतं, ते कडू आणि विषारी. ते ओळखायचं असतं. चतुर्थीच्या आधी म्हापसा, फोंडा, डिचोली इथे माटोळीचा बाजार भरतो. रानात फिरणाऱ्या, बहुधा गावडा-वेळीप समाजांतल्या बायका तो माल घेऊन येतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं आणि त्यांत शेकडो जातींची फळं-फुलं-पानं मांडणारे हौशी लोक आहेत. सिंधुदुर्गातही हीच चौकट माटी, माटवी अशा नावांनी दिसते. लहान पोराने वर बघत बघत आरती म्हणायची आणि त्या निमित्ताने पावसाळ्यातलं अख्खं रान नजरेखालून घालायचं, अशी ही शाळा. मात्र स्पर्धेपायी दुर्मीळ फळ मुद्दाम शोधून ओरबाडलं जाण्याचा धोकाही त्याच चौकटीला टांगलेला आहे. गोव्यातले काही जाणते लोक हे गेली कित्येक वर्षं सांगताहेत.

हे सगळं खाणं वाढतं कुठे, हे पाहिलं की चित्र वेगळं दिसायला लागतं. घनदाट जंगलात फारसं नाही. टाकळा, कुर्डू, केना, घोळ, आघाडा ही बांधावरची, पडीक माळावरची, रस्त्याकडेची मंडळी. शेवळं आणि फोडशी झुडपी उतारांवर. अळंबी वारुळावर, आणि वारूळ टिकतं ते कुणी जमीन सपाट करत नाही तिथे. म्हणजे ज्या जमिनीला सातबारावर पोटखराबा म्हणतात आणि विकासाच्या भाषेत नुसतीच पडलेली म्हणतात, ती या ताटाची जमीन. देवराया त्यातल्याच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला तेव्हा देवाच्या धाकाने राखलेल्या त्या तुकड्यांचं मोल अभ्यासकांच्या चर्चेत आलं. बांधाला मात्र कुठलाच देव नाही.

बांधावर आज तणनाशक पडतं. बेणणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पंप पाठीला लावला की सकाळच्यात काम होतं. मी त्या शेतकऱ्याला दोष देणार नाही, त्याची मुलं पुण्याला गोदामात कामाला आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले, ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं असं ठरलं. बांधावर मात्र पिवळे पट्टे दिसतात. तण आणि भाजी यांत फरक करणारं औषध अजून निघालेलं नाही.

दुसरा फवारा पैशाचा. कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात मुंबईकरांची दुसरी घरं उठताहेत. जाहिरातीत "निसर्गाच्या सान्निध्यात" असतं. प्लॉट पडला की आधी जेसीबी येतो, उतार सपाट होतो, मग भिंत आणि भिंतीच्या आत लॉन. त्या लॉनमध्ये पहिल्या पावसात टाकळा उगवतो आणि माळी तो उपटून टाकतो. मग शनिवारी मालक येतात आणि राखणदाराच्या बायकोला सांगतात, "ताई, उद्या पाहुणे आहेत, काही रानभाजी मिळते का बघा ना." ती बिचारी डोंगर चढून, दोन तास फिरून जुडी आणते. पूर्वी तीच जुडी ती आता भिंत आहे त्या जागेवरून आणायची. हे मी कल्पनेने लिहिलेलं नाही. तिने सांगितलं तेव्हा तक्रारीचा सूरही नव्हता, फक्त भिंतीकडे हात होता.

रानभाज्यांना सध्या बरे दिवस आहेत असं म्हणायची पद्धत आहे. गेली काही वर्षं कृषी विभाग ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे, तालुक्या-तालुक्याला रानभाजी महोत्सव भरवतो. टेबलं मांडलेली, प्रत्येक भाजीपुढे नाव आणि गुणधर्मांची चिठ्ठी, बचत गटाच्या बायकांनी शिजवलेले नमुने. ते बघायला मला आवडतं. कर्टुल्याच्या भावाने अनेक घरांत वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, हेही खरं. हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर मान्सून स्पेशल म्हणून अंबाडी, टाकळा झळकतो. पण टेबलावरच्या चिठ्ठीत "मधुमेहावर उपयुक्त", "रक्तशुद्धी करते" असं लिहिलेलं असतं आणि "पिवळा दाणा काढून टाका", "वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवा" हे क्वचितच. अन्नाचं औषध करून टाकलं की ते विकायला सोपं जातं. जुडीला भाव मिळतो. जुडी केव्हा, कुठून, किती खुडायची आणि किती मागे ठेवायची या माहितीला काहीच मिळत नाही.

त्या माहितीला मान मिळाल्याचं एक उदाहरण अकोले तालुक्यात आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी वाल-घेवड्याचे, भाताचे, पालेभाज्यांचे गावठी वाण जमवले, मडक्यांत राखेत जपले आणि बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणे बँक उभी केली. त्यांचं काम परसबागेतलं, म्हणजे पुन्हा नांगराच्या पलीकडचं, खुरप्याच्या टापूतलं. बी ठेवता येतं, वाटता येतं. शेवळाचं मात्र बी कुणी वाटत नाही. त्याला उतारच लागतो, तो तसाच्या तसा. त्या उतारावर हक्क कुणाचा याचं उत्तर कागदावर आहे: २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकीहक्क वनवासींना दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूपर्यंत तो वापरूनही दाखवला. रायगड-ठाण्यातल्या बहुसंख्य कातकरी कुटुंबांकडे स्वतःच्या झोपडीखालच्या जागेचा कागदही नसतो.

दिवाळी येते तेव्हा पावसाळी रांग संपलेली असते. नरकचतुर्दशीला कोकणात, गोव्यात तुळशीपुढे कारीट फोडतात. अंगठ्याने चिरडायचं ते कडूजहर रानफळही बांधावरचंच. त्यानंतर नव्या भाताचे पोहे: दुधातले, ताकातले, गुळातले, फोडणीचे. पौषाच्या थंडीत रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला मडक्यात कोंबून पोपटी लावतात. तो पालाही कुणी पेरत नाही, आणि त्याच्या उग्र वासाशिवाय पोपटी म्हणजे नुसत्या भाजलेल्या शेंगा. मग भोगीला तिळाच्या भाकरीबरोबर हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे तुकडे यांची भाजी. थंडीचं ताट बरंचसं नांगराचं आहे, भरगच्च आहे, आणि त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

म्हातारी आईच्या पाड्यावर मात्र दिवाळीनंतर फार कुणी सापडायचं नाही. शेजारची कातकरीवाडी तर पुरती रिकामी होते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला बायकापोरांसकट लोक वीटभट्ट्यांवर जातात, कुणी कोळसा पाडायला लांबच्या जिल्ह्यात, ते मृगाच्या तोंडावर परततात. निघायच्या तयारीत असलेल्या एका तरुण बाईला मी विचारलं, तिकडे पालाभाजी काय करता? तिने गोधडीची घडी घालता घालता सांगितलं, "तिथं कुठला पाला, ताई. मातीच नेलेली असती सगळी खणून. बाजारच्या दिवशी बटाटा आनायचा, तो आठवडाभर."